ग्रीक बाईंचे लिंबू-बटाटे

संपादकांचा निरोप आला, "दिवाळी अंकासाठी नेहमीचे सदर हवेच, पण जरा सणाला साजेल असे लिहा." आता सणाला साजेल असे म्हणजे काय लिहावयाचे? अनारसे का हसतात, चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते, करंजीचा खुळखुळा का होतो, या सर्व प्रश्नांचा निकाल या पानावर पूर्वीच लागलेला आहे. शिवाय खरे सांगायचे तर, पाडव्याला दुपारी पानावर बसलेल्या माणसाच्या मनात काय असते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. चार दिवस गोड आणि तळलेले खाऊन त्याची जीभ कंटाळलेली असते. श्रीखंडाची वाटी समोर असते, आणि हा गृहस्थ आशेने पाहत असतो तो लिंबाच्या फोडीकडे.

आपल्या पानाला डावे आणि उजवे असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही मंडळी डावीकडची. भाजी, उसळ, आमटी ही उजवीकडची. उजवी बाजू पोट भरते. डावी बाजू जेवण पुढे ढकलते. म्हणून तर डावीकडच्यांना आपण तोंडीलावणे म्हणतो. मान उजवीचा, पण आठवण राहते ती डावीची.

आज सांगणार आहे तो पदार्थ या वाटणीत नीट बसत नाही. तो बटाट्याचा, म्हणजे त्याचा हक्क उजवीकडचा. पण त्यात लिंबू इतके मुरलेले असते, की त्याने डावीकडे बसावे. आणि तो ज्या देशाचा, त्या ग्रीस देशात भाजलेल्या कोंबडीच्या किंवा कोकराच्या मांसाशेजारी तो तोंडीलावणे म्हणूनच वाढतात. तिकडे त्याला 'पतातेस लेमोनातेस' म्हणतात. पताता म्हणजे बटाटा, लेमोनी म्हणजे लिंबू. भट्टीत भाजलेले लिंबाचे बटाटे, एवढाच त्याचा अर्थ.

ग्रीस देशाचा आणि आमच्या घराचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध माझ्या धाकट्या दिरांचा. भावोजींचा सारा जन्म बोटीवर गेला. ग्रीक मालकांच्या बोटींवर भारतीय खलाशी आणि अधिकारी पुष्कळ, आणि त्यांत आपल्या कोकणची नि गोव्याची माणसे असायचीच. भावोजी इंजिनघरात होते. निवृत्त होऊन आता रत्नागिरीला असतात आणि दिवाळीला आमच्याकडे पुण्याला येतात. मी एकदा सहज विचारले होते, "भावोजी, तुम्ही सारे जग पाहिलेत, कुठले काय करून घालू?" तेव्हापासून दर दिवाळीला उत्तर एकच. "वहिनी, ते ग्रीसचे बटाटे."

कसे असतात हो ते, म्हणून विचारावे, तर वर्णन असे: "त्याला रस्सा असतो, पण रस्सा नसतो. तळलेले नसतात, पण तेलाचे असतात. आंबट असतात, पण दात आंबत नाहीत." उपनिषदांत ब्रह्माचे वर्णन याच पद्धतीने केले आहे असे म्हणतात, पण ब्रह्म कोणी पाडव्याला जेवायला मागत नाही.

गेल्या दिवाळीत मी पदर खोचला. आता भगिनींनो, आणि हल्ली स्वयंपाकघरात येऊ लागलेल्या बंधूंनो, माझी फजिती ऐका. लोकांच्या यशापेक्षा फजितीतून स्वयंपाक लवकर शिकता येतो.

पहिल्या दिवशी मी बटाटे उकडले, सोलले, तेल-लिंबू लावून ओव्हनमध्ये ठेवले. बाहेर आली ती उपवासाची बटाट्याची भाजी, जिऱ्यावाचूनची. फोडींच्या कडा विरघळलेल्या, मध्ये पीठ. भावोजींनी मुकाट्याने खाल्ली आणि "छान आहे" म्हणाले. जेवणारा माणूस एवढेच म्हणाला, की पदार्थ फसला असे समजावे.

दुसऱ्या दिवशी कच्चे बटाटे घेतले. पाणी मुळीच घातले नाही, कारण भाजायच्या वस्तूत पाणी कशाला, हा माझा सरळ हिशेब. तेल, लिंबाचा रस, मीठ आणि वर कडक आच. पाऊण तासाने फोडी वरून काळ्या आणि आतून करकरीत. मौज अशी की, आणखी अर्धा तास ठेवूनही आतला भाग शिजेना. बटाटाच वाईट, असा निकाल देऊन मी मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी पाणी घातले. पण पाऊण तासाने पाहते तो फोडी पाण्यात पोहत होत्या. धीर सुटला, तशाच बाहेर काढल्या. आमच्या यजमानांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "हे बटाट्याचे सार असेल तर भात वाढ."

माझे सांत्वन एवढेच की बटाट्याने ग्रीसमध्येही आरंभी लोकांना असाच त्रास दिला होता. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल या थोर मंडळींनी जन्मात बटाटा पाहिला नाही. पाहणार कुठून? बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. सॉक्रेटिसाच्या घरी लिंबूही नव्हते. तेही पूर्वेकडून पुढे केव्हातरी तिकडे गेले. या पदार्थातले खरे जुने ग्रीक काय ते ऑलिव्हचे तेल आणि रानातला सुगंधी पाला. बाकी सगळे पाहुणे.

ग्रीसमध्ये बटाट्याचा प्रसार केला तो यानिस कापोदिस्त्रियास याने, असे तिकडे मानतात. हा गृहस्थ १७७६ साली कॉर्फू बेटावर जन्मला, रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री झाला आणि १८२८ साली स्वतंत्र होऊ घातलेल्या ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख म्हणून मायदेशी परतला. देश युद्धाने उजाड झालेला, लोक उपाशी. त्याने बटाटे मागवले आणि लोकांना फुकट देऊ केले; पण कोणी हात लावीना. तेव्हा त्याने म्हणे नाफप्लिओ शहराच्या धक्क्यावर बटाट्यांच्या ढिगाभोवती शिपायांचा पहारा बसवला. पहारा आहे त्या अर्थी माल मोलाचा असला पाहिजे, असे लोकांना वाटले आणि रात्री ते बटाटे चोरू लागले. शिपायांना हुकूमच होता, डोळे मिटून घ्या. थोड्याच दिवसांत ढीग संपला आणि बटाटा देशभर झाला.

गोष्ट मोठी गोड आहे. फक्त अडचण एवढीच, की हीच गोष्ट फ्रान्समध्ये पारमांतिए नावाच्या शास्त्रज्ञाची म्हणून सांगतात आणि प्रशियात फ्रेडरिक राजाची म्हणून. शहाण्या माणसाची युक्ती तीन देशांत एकच असावी, किंवा बटाट्याबरोबर गोष्टही गावोगाव फिरली असावी. कापोदिस्त्रियासला मात्र बटाट्याचे पीक फार दिवस पाहता आले नाही. १८३१ साली त्याच नाफप्लिओ शहरात चर्चच्या दाराशी त्याचा खून झाला.

आपल्याकडे बटाटा आला तो पोर्तुगीजांच्या गलबतातून, आणि येताना नावासकट आला. हिंदी मुलखात तो आलू झाला. आपण मात्र पोर्तुगीजांचा 'बताता' जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. म्हणजे पुण्याच्या मंडईतली बाई आणि अथेन्सच्या बाजारातली बाई या दोघी एकमेकींची भाषा जाणत नाहीत. पण बटाट्यापुरते त्यांचे जमेल.

असो. चौथ्या दिवशी सकाळी मी बटाटे सोलत बसले होते. सासूबाई शेजारी खुर्चीवर. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी अधू, पण स्वयंपाकघरात काय चालले आहे ते वासावरून ओळखतात. त्यांनी विचारले, "काल लिंबू केव्हा घातलं होतंस?"

"आधीच. बटाट्याबरोबर."

"मग शिजेल कसा? डाळ शिजायच्या आधी चिंच घातलीस तर डाळ शिजते का?"

मी सुरी खाली ठेवली. चाळीस वर्षे मी आमटी करते आहे. चिंच-गूळ डाळ शिजल्यावर, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक. पण पदार्थ परदेशी म्हटला की आपण आपले शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवतो!

यातले शास्त्र असे आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्याने. उकळत्या पाण्यात ते सुटू लागते, म्हणजेच भाजी शिजते. पण पाण्यात आंबट असेल तर ते सहजी सुटत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचे माझे बटाटे कोरड्या आचेत, आंबटात, आतून करकरीत राहिले. बटाट्याचा दोष नव्हता.

"मग लिंबू शेवटी पिळायचे का?" मी विचारले.

तेव्हा भावोजी दारातून म्हणाले, "नाही वहिनी. ती आधीच घालायची. सगळं एकदम घालायची आणि मग वाट पाहायची. खूप वेळ."

तेथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंबटामुळे बटाटा उशिरा शिजतो, हा या पदार्थातला अडथळा नसून हीच त्याची युक्ती आहे. साध्या पाण्यात फोडी सव्वा तास राहिल्या तर त्यांचा लगदा होईल. लिंबाच्या पाण्यात त्या सावकाश शिजतात, आकार धरून ठेवतात आणि तेवढ्या वेळात ते पाणी पिऊन घेतात. नंतर उरलेले पाणी आटते, तळाशी नुसते तेल राहते आणि त्या तेलात त्याच फोडी खरपूस होतात. पाणी आहे तोवर फोडीचा अंगचा ताप १०० अंशांच्या पुढे जात नाही. आणि तांबूस रंग यायला १४० अंशांच्या आसपास तरी ताप हवा. म्हणून पाणी आटल्याशिवाय रंग नाही. पहिल्यांदा उकडणे, मग भाजणे, दोन्ही एकाच भांड्यात. रस्सा असतो, पण रस्सा नसतो! भावोजींचे वर्णन अक्षरशः खरे होते.

आता कृती. कागद-पेन्सिल घ्या.

१ किलो बटाटे घ्यावेत. जुने, घट्ट, पिठूळ जातीचे हवेत. कोवळ्या नव्या बटाट्याला पाणी पिण्याची हौस कमी. ग्रीसमध्ये नाक्सोस बेटाच्या बटाट्याचे नाव आहे. आपल्याकडे तळेगावचा मिळाला तर उत्तम. बटाटे शीतकपाटात ठेवलेले नसावेत. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. मग भाजी गोडसर लागते आणि फोडी शिजण्यापूर्वीच काळ्या पडतात. शीतगृहातून निघालेला गोड बटाटा आपल्यापैकी प्रत्येकीने खाल्ला आहे, तोच हा प्रकार.

बटाटे सोलून उभ्या, दोन बोटे जाड फोडी कराव्यात. फार बारीक केल्यास मोडतील.

अर्धी वाटी ऑलिव्हचे तेल. होय, अर्धी वाटी. हात आखडू नये. ते महाग पडते, हे मला कबूल आहे. निम्मे ऑलिव्हचे आणि निम्मे शेंगदाण्याचे घेतले तरी पदार्थ जमतो. सगळेच शेंगदाण्याचे घेतले तर बटाटे चांगले होतील, पण ते ग्रीसचे राहणार नाहीत.

लिंबे तीन किंवा चार. रस चार मोठे चमचे भरला पाहिजे. ग्रीसचे लिंबू मोठे, जाड सालीचे आणि मवाळ. आपले कागदी लिंबू आकाराने लहान आणि स्वभावाने तिखट. म्हणून एक लिंबू राखून ठेवावे आणि शेवटी चव पाहून पिळावे. पिळताना बिया आणि साल दाबून कडवटपणा उतरू देऊ नये.

लसणाच्या पाच-सहा मोठ्या पाकळ्या ठेचून, मीठ दीड लहान चमचा, मिरपूड अर्धा चमचा, दीड वाटी गरम पाणी. मांसाहारी घरांत पाण्याऐवजी कोंबडीचे पाणी घालतात. पण साध्या पाण्यानेही काही उणे राहत नाही.

आणि तो सुगंधी पाला. ग्रीक लोक त्याला रिगानी म्हणतात. आपल्या दुकानांत तो ओरेगॅनो म्हणून मिळतो. वाळलेला दोन लहान चमचे, तळहातावर चोळून घालावा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या मुलांनी फडताळात साठवलेल्या असतात, त्या वापरू नयेत. त्यांत बहुधा मीठ-मिरची मिसळलेली असते. पाला नसेलच तर चिमूटभर ओवा चोळून घालावा. हा माझा आगाऊपणा नव्हे. ओव्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, त्याचेच सख्खे भावंड असलेले कार्व्हाक्रॉल रिगानीत भरपूर असते. ज्या पानओव्याची आपण भजी करतो, त्याच्या पानातही हाच वास आहे. तेव्हा नाते दूरचे का होईना, पण आहे. मात्र ओवा चिमूटभरच. जास्त झाला तर बाळंतिणीच्या खोलीची आठवण होईल.

ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून घ्यावा. पसरट थाळा घ्यावा. फोडी एकाच थरात मावल्या पाहिजेत. एकावर एक बसल्या तर त्या वाफेवर शिजतील, भाजणार नाहीत. सगळे एकत्र कालवून, पाणी कडेने ओतून, न झाकता थाळा आत ठेवावा. चाळीस मिनिटांनी फोडी हलक्या हाताने उलटाव्यात. या वेळी पाणी दिसेल, घाबरू नये. आणखी तीस ते चाळीस मिनिटे ठेवावे. पाणी आटून तेल चुरचुरू लागले आणि कडा तांबूस झाल्या, की झाले. पाणी आधीच आटले आणि फोडी कच्च्या राहिल्या तर अर्धी वाटी गरम पाणी घालावे. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे तसेच राहू द्यावे, मग तळाचा मसाला सुटतो आणि तो खरवडून वर घालता येतो. खरा स्वाद त्या खरवडीत आहे.

ओव्हन नसेल त्यांनी जाड बुडाच्या पसरट कढईत झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे आणि फोडी मऊ झाल्यावर झाकण काढून पाणी आटवावे. वरची बाजू तितकी भाजणार नाही. उलटत राहावे लागेल.

कृती येथे संपली. पण पदार्थ झाला नव्हता. थाळा आत गेला होता आणि सव्वा तास वाट पाहायची होती. फराळाची कामे आटोपलेली. सासूबाई, भावोजी आणि मी, तिघे स्वयंपाकघरात बसलो. लिंबाचा आणि लसणीचा वास सुटला तसे भावोजी गप्प झाले.

मग म्हणाले, "हे मी हॉटेलात खाल्लेले नाहीत, वहिनी. एका बाईंनी केले होते. बाबा गेले तेव्हा."

मामंजी गेले ते मार्च १९८७ मध्ये, एका बुधवारी. भावोजी तेव्हा थर्ड इंजिनियर. त्यांची बोट पिरेअस बंदराशेजारी पेरामा येथे दुरुस्तीसाठी गोदीत होती. बोटीवरची वीज बंद, म्हणून काही अधिकाऱ्यांची सोय गावात केलेली. भावोजींना एका वृद्ध विधवेच्या घरी खोली मिळाली होती. येथून केलेली तार कंपनीच्या एजंटाकडे पडून राहिली आणि शनिवारी त्यांच्या हाती आली. तोवर इकडे सारे उरकले होते. बदली माणूस आल्याशिवाय बोट सोडता येत नव्हती.

"मी जिन्यात बसलो होतो तार घेऊन. त्या बाई वर येत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला ग्रीक येत नाही. त्यांनी खुणेनं विचारलं, काय झालं. मी नुसतं 'बाबा' म्हटलं. त्यांना कळलं. ग्रीकमध्येही वडिलांना 'बाबास' म्हणतात, हे मला मागाहून समजलं. त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. कितीतरी वेळ बसल्या होत्या."

सासूबाईंनी मान वर केली. भावोजी त्यांच्याकडे न पाहता बोलत होते.

तो ग्रीक लोकांच्या उपवासाचा काळ होता. ईस्टरच्या आधी सात आठवडे त्यांचा मोठा उपवास असतो. त्याला ते साराकोस्ती म्हणतात. मांस वर्ज्य, अंडी वर्ज्य, दूध-लोणी-चीज वर्ज्य. कडक पाळणारे तेलसुद्धा फक्त शनिवारी-रविवारी खातात. त्या बाई कडक पाळणाऱ्या होत्या. भावोजींना दहाव्यापर्यंतचे सहा दिवस पाळायचे होते. मांस नको, गोडधोड नको, हे परक्या माणसाला कोणत्या भाषेत सांगावे, या विवंचनेत ते होते. सांगावे लागलेच नाही. त्या घरात ते शिजतच नव्हते.

"दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांनी थाळ्यात बटाटे घातले, लिंबं पिळली आणि थाळा घेऊन कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे गेल्या. तिकडे जुन्या वस्तीत अजून तशी रीत होती. घरी ओव्हन लहान किंवा नसायचाच. रविवारी पाव भाजून झाले की उरलेल्या आचेत लोकांचे थाळे. मी बरोबर गेलो. तासभर दुकानाबाहेर उभे होतो आम्ही दोघे. मला एकदम दिवाळीतली नानकटाई आठवली. आई, तू पीठ मळून डबा द्यायचीस आणि मी नि बाबा बेकरीच्या रांगेत उभे राहायचो."

त्या भट्टीला आणि दुकानालाही ग्रीक लोक 'फूर्नोस' म्हणतात. गोव्याचे पोदेर आपल्या भट्टीला 'फोर्न' म्हणतात. शब्द एकाच घराण्यातले. पण हे मला नंतर सुचले. त्या वेळी मी सासूबाईंकडे पाहत होते.

आमच्या घरातली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मामंजींच्या दहाव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले होते, "धाकटा काय, बोटीवर मजेत असेल, तिथं कसलं सुतक आणि कसलं काय!" बोलणारा बोलून गेला. सासूबाईंनी तो शब्द मनात ठेवला. पुढे त्यांनी पत्रात विचारले, जेवणाचे कसे केलेस? भावोजींनी उत्तर धाडले, "बोटीवर सगळे मिळते. काळजी करू नये." आईला काळजी नको म्हणून लिहिलेले ते वाक्य आईने वेगळेच वाचले. पस्तीसहून अधिक वर्षे त्यांनी मुलाला पुन्हा विचारले नाही आणि मुलाने सांगितले नाही. आपल्या घरांत प्रेम पुष्कळ असते. बोलणे तेवढे कमी असते.

"सहा दिवस तिनंच जेवू घातलं?" सासूबाईंनी विचारले.

"हो. रविवारी बटाटे. बाकीचे दिवस घेवड्याच्या बिया, पाव, ऑलिव्ह, पाला. माझ्यासाठी काही वेगळं करावं लागलं नाही. जे त्यांचं, तेच माझं."

"लसूण होती त्यात?"

"होती, आई."

सासूबाई थोड्या थांबल्या. "असू दे," म्हणाल्या.

मग पुन्हा विचारले, "नाव काय त्या बाईंचं?"

"किरिया म्हणायचो."

"किरिया म्हणजे?"

"बाई."

"बरं. मग बाईच."

ओव्हनमध्ये तेल चुरचुरू लागले होते. थाळा बाहेर काढला. कडा तांबूस, मध्ये फोडी मऊ आणि अखंड. भावोजींनी एक उचलली, फुंकर घातली, तोंडात टाकली. या वेळी ते "छान आहे" म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. जेवणारा माणूस काहीच म्हणाला नाही, की काय समजावे, ते सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

माझी एक शंका उरली होती, ती मी सासूबाईंना विचारली. येत्या एकादशीला हे चालतील का? लसूण वगळली, सैंधव घातले, तरी ऑलिव्हचे तेल उपासाला चालते की नाही, याचा निर्णय कोणत्या पोथीत सापडावा? सासूबाई म्हणाल्या, "बटाटा तरी कुठं आपला होता? कुणीतरी पहिल्यांदा चालवून घेतला, म्हणून आज चालतो." तिकडे समुद्रापलीकडच्या उपवासालाही हा अमेरिकेतला पाहुणा चालतो, इकडेही चालतो. दोन धर्मांच्या दोन उपवासांनी एकाच परक्याला आत घेतले, यात देवाची हरकत असल्याचे निदान बटाट्याने तरी ऐकलेले नाही.

पाने घेतली. लिंबाचा पदार्थ, त्यातून तोंडीलावणे म्हणून प्रसिद्ध. मी सासूबाईंच्या पानात डावीकडे, लोणच्याशेजारी, दोन फोडी वाढल्या. त्यांना नीट दिसत नाही. पण हात फिरवून त्यांनी त्या ओळखल्या.

"इकडे कुठं वाढतेस?" त्या म्हणाल्या. "उजवीकडे वाढ. पोटभर वाढ."

तेव्हापासून आमच्या घरी ते उजवीकडे असतात. तुमच्या घरी कोणीकडे वाढावेत, ते तुम्ही ठरवा. ओव्हन तेवढा आधी तापवून घ्या, आणि पाणी दिसले म्हणून घाबरू नका.